अंतराळवीराची सही: मागायची कशी आणि खरी कशी ओळखायची

हा भाग ऐकून झाल्यावर बऱ्याच जणांचा एकच निरोप आला, की ऐकायला पन्नास मिनिटं नाहीत, लिहून टाक. तर हे घ्या. लिहिताना माझे दर वाक्यातले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' काढून टाकलेत, आणि बोलण्याच्या ओघात चुकीची सांगितलेली दोन सालं दुरुस्त केलीत. बाकी गप्पा त्याच.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो.

बाबा रिटायर झाले तेव्हा मी त्यांना नील आर्मस्ट्राँगची सही असलेला फोटो भेट दिला. पांढरा स्पेससूट, मागे चंद्र, खाली काळ्या शाईत सही. ऑनलाइन घेतला, आठ हजार रुपयांना. सोबत सोनेरी शिक्का मारलेलं सर्टिफिकेटसुद्धा होतं. आता सांगतानाही लाज वाटते. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाची सही आठ हजारात, आणि मी बीटेक झालेला, रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा माणूस, एकदाही थांबून विचार केला नाही.

आर्मस्ट्राँगच का, ते सांगायला हवं. अपोलो ११ चे तिघं परत आल्यावर त्यांना जगाच्या दौऱ्यावर पाठवलं होतं. २९ सप्टेंबर ते ५ नोव्हेंबर १९६९, चोवीसेक देश. त्यात ऑक्टोबरच्या शेवटी मुंबई होती. आजोबा बाबांना घेऊन नाशिकहून मुंबईला गेले. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांना काय दिसलं, तर डोकी. आणि लांबवर हलणारा एक हात. तो हात आर्मस्ट्राँगचा, ऑल्ड्रिनचा, कॉलिन्सचा की बंदोबस्तावरच्या एखाद्या हवालदाराचा, यावर आमच्या घरी पन्नास वर्षं वाद चालू आहे. बाबांचं मत आर्मस्ट्राँग.

फोटो भिंतीवर लागला. वर्षभरानं एका रात्री दुसऱ्याच एका साइटवर मला तसाच फोटो दिसला. तशीच सही. गंमत म्हणून दोन्ही इमेज एकावर एक ठेवल्या, वरची अर्धी पारदर्शक केली, थोडी सरकवली. सही जुळली. म्हणजे 'सारखी दिसते' असं नाही, केसाइतकाही फरक नाही.

आता आमच्या धंद्यात याचा अर्थ उलटा असतो. फाइल डाउनलोड केली, तिचा हॅश मूळ हॅशशी तंतोतंत जुळला, की ती खरी. सह्यांचं नेमकं विरुद्ध आहे. कोणताही माणूस आयुष्यात दोनदा हुबेहूब एकच सही करत नाही. दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर त्यातली निदान एक खोटी, आणि बहुधा दोन्ही.

हे काम कसं होतं? एक तर सरळ छपाई. दुसरं, ऑटोपेन. हे एक यंत्र असतं. त्यात सहीचा साचा बसवायचा आणि यांत्रिक हात त्या साच्यावरून फिरत खऱ्या पेननं, खऱ्या शाईनं कागदावर सही करतो. हे काही भामट्यांनी शोधलेलं नाही बरं का. साठच्या दशकात नासाकडे सह्या मागणाऱ्या पत्रांचा इतका ढीग यायचा, की ऑफिसच ऑटोपेन वापरायचं. काही सह्या सेक्रेटरी करायच्या. त्यामुळे नासाच्याच पाकिटातून आलेल्या जुन्या फोटोवरची सहीसुद्धा यंत्राची असू शकते, आणि पाठवणाऱ्यानं कोणालाही फसवलेलं नसतं. फसवणूक सुरू होते ती पुढे, विकताना.

ओळखायची कशी? ऑटोपेनची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते. माणूस वळणावर दाब देतो, शेवटी हात उचलता उचलता रेघ बारीक होत जाते. यंत्र मात्र पेन टेकवतं आणि उचलतं, त्यामुळे रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकसा ठिपका राहतो. कधी लांब रेघेत हलकीशी थरथर दिसते. आणि सगळ्यात भक्कम पुरावा मी वर सांगितला तोच: जुळणारं भावंडं सापडणं. जुने संग्राहक प्रत्येक अंतराळवीराचे माहीत असलेले साचे जमवून ठेवतात आणि नवी सही त्यांच्याशी ताडून बघतात.

पण खरी मेख वेगळी आहे. सहीला एवढी किंमत आली कुठून, हे कळल्याशिवाय अंतराळवीराकडे सही मागायला जाऊ नये असं माझं मत झालंय. कारण टेबलापलीकडचा माणूस तुमच्याकडे जरा संशयानं का बघतो, त्याचं उत्तर त्या इतिहासात आहे.

अपोलोच्या काळात, उड्डाणाआधी सगळ्यांपासून वेगळं ठेवलेलं असताना, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांनी टपालाच्या पाकिटांवर सह्या करून ठेवल्या. ही पाकिटं एका विश्वासू माणसाकडे दिली आणि उड्डाणाच्या, चंद्रावर उतरण्याच्या दिवशी त्यांच्यावर टपालाचे शिक्के मारून घेतले. का? तर परत आलो नाही, तर घरच्यांच्या हाताशी विकता येईल असं काहीतरी असावं. संग्राहक त्यांना आजही 'इन्शुरन्स कव्हर' म्हणतात. विचार करा, उद्या-परवा चंद्रावर निघालेला माणूस रात्री बसून पाकिटांवर सह्या करतोय, बायकामुलांसाठी. आपल्या सहीला बाजारात किंमत आहे, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं.

दोन वर्षांनी तीच गोष्ट अंगाशी आली. १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट, आल्फ्रेड वर्डन आणि जेम्स अर्विन यांनी परवानगी नसलेली सुमारे चारशे पाकिटं चंद्रावर नेली. परतल्यावर त्यातली शंभर एका जर्मन तिकीट-व्यापाऱ्याकडे गेली आणि त्यानं ती विकायला काढली. बातमी फुटली. तिघांना प्रत्येकी सुमारे सात हजार डॉलर मिळायचे होते, ते त्यांनी घेतले नाहीत. पण ठपका बसला, आणि तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही. उरलेली पाकिटं सरकारनं ताब्यात घेतली. वर्डननं सरकारवर दावा लावला आणि १९८३ मध्ये ती परत मिळाली. बाबा तिकिटं जमवतात, त्यामुळे ही गोष्ट मला शाळेत असल्यापासून पाठ. फक्त बाबा ती सांगताना दरवेळी व्यापाऱ्याला जास्त शिव्या देतात.

आणि आर्मस्ट्राँग? हा माणूस कित्येक वर्षं पत्रानं मागेल त्याला सही पाठवत होता. मग लक्षात आलं की मागणाऱ्यांतले बरेच जण ती विकतायत आणि बाजारात खोट्याही उदंड झाल्यात. १९९४ च्या सुमारास त्यानं सह्या देणं बंद केलं. पण लोक काही सोडेनात. २००५ मध्ये उघडकीला आलं, की तो जिथे केस कापायचा, त्या न्हाव्यानं त्याचे कापलेले केस तीन हजार डॉलरला विकले होते. आता यावर मी काय बोलू.

म्हणून सांगतो, रांगेत उभं राहिल्यावर तुमच्याबद्दल समोरच्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हा ठेवणारा की विकणारा? पुढे जे काही सांगणार आहे, ते त्या एका प्रश्नाचं उत्तर न बोलता देण्याबद्दल आहे.

आधी कोणाकडे काय मागता येतं ते पाहू. सेवेत असलेल्या नासाच्या अंतराळवीराला सहीचे पैसे घेता येत नाहीत, तो सरकारी नोकर आहे. तो देईल ती फुकट, वेळ असेल तेवढीच. निवृत्त झाल्यावर मात्र मोकळीक असते. अमेरिकेत आणि युरोपात सह्यांचे कार्यक्रमच भरतात, तिथे दर लावलेले असतात आणि मोठ्या नावांना काही शे डॉलर पडतात. पूर्वी मला हे हावरटपणाचं वाटायचं. आता नाही वाटत. विकणारे कमावणारच असतील, तर ज्यानं जीव धोक्यात घातला त्यानं का कमावू नये? शिवाय काही पैसा चांगल्या कामाला जातो. मर्क्युरी कार्यक्रमातल्या अंतराळवीरांनी १९८४ मध्ये उभी केलेली ॲस्ट्रॉनॉट स्कॉलरशिप फाउंडेशन ही संस्था अशा सह्यांच्या विक्रीतूनही विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे जमवत आली आहे.

तिसरा प्रकार म्हणजे जाहीर व्याख्यान: विद्यापीठ, ग्रंथालय, पुस्तकाचं प्रकाशन. माझ्या मते सहीसाठी सगळ्यात चांगली जागा हीच. पुस्तकाचा कार्यक्रम असेल तर प्रश्नच नाही, पुस्तक विकत घ्या आणि रांगेत लागा. तिथे सही देणं हा कार्यक्रमाचाच भाग असतो, तुम्ही कोणाला अडवत नाही. नुसतं व्याख्यान असेल तर आयोजकांना आधी मेल करून विचारा, नंतर सह्या आहेत का, स्वतःचा फोटो आणलेला चालतो का. 'नाही' म्हणाले तर नाही. पार्किंगमध्ये गाठायचं नाही, हॉटेलच्या लॉबीत बसून राहायचं नाही. हे लोक थकलेले असतात, त्यांचं वयही झालेलं असतं. चंद्रावर चाललेल्या बाराजणांपैकी आज मोजकेच हयात आहेत.

आपल्याकडची गंमत निराळी. मी एका कॉलेजच्या टेक फेस्टला हवाई दलातले एक अधिकारी बोलायला आले होते तिथे गेलो होतो. भाषण संपलं आणि तीनशे मुलं मोबाइल वर करून स्टेजकडे धावली. सही कोणालाच नको होती, सगळ्यांना सेल्फी. दोन मिनिटांत आयोजकांनी पाहुण्यांना मागच्या दारानं काढलं. मी हातात पेन आणि फोटो घेऊन उभा. एक स्वयंसेवक म्हणाला, "दादा, तुम्हाला पाहिजे काय नक्की?"

गर्दीचा राग नाही माझा. १९८४ नंतर चाळीस वर्षं आपल्याकडे सांगण्यासारखं नाव एकच होतं, राकेश शर्मा. २७ फेब्रुवारी २०२४ ला गगनयानसाठी निवडलेल्या चौघांची नावं जाहीर झाली, आणि जून-जुलै २०२५ मध्ये त्यांच्यातले शुभांशू शुक्ला ॲक्सिअम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. म्हणजे भेटण्यासारखी माणसं आत्ता कुठे वाढतायत. ही माणसं लष्करी सेवेत असतात, त्यांच्या कार्यक्रमाला शिस्त असते, ती पाळावी लागते. पण आयोजकांनी शेवटी वीस मिनिटं आणि एक टेबल ठेवलं तरी खूप होईल. टेबल आणि रांग. कुठल्याही गणेश मंडळाला जमतं हे.

बरं, टेबलापर्यंत पोचलात असं धरू. न्यायचं काय?

एकच वस्तू. फार तर दोन. एकाच फोटोच्या सहा प्रती काढल्यात की तुमचं उत्तर समोरच्याला मिळालं. फोटो त्यांच्या मोहिमेचा असावा. ऐकायला सोपं वाटतं, पण लोक दुसऱ्याच मोहिमेचा बिल्ला घेऊन येतात. फोटोत कुठेतरी फिकट, मोकळी जागा हवी. काळ्याभोर आकाशावर काळी सही केली तर ती फक्त तुम्हाला माहीत असते. चकचकीत फोटोला बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर. निळा घ्या, छापील काळ्यापासून वेगळा उठून दिसतो. पुस्तक आणि टपालाचं कव्हर यांच्यासाठी साधं बॉलपेन, कारण मार्कर कागदातून पलीकडे फुटतो. पेन आधी घरी चालवून बघा. चंदेरी मार्कर नेणार असाल तर हलवून, रद्दीवर रेघ मारून मगच पुढे करा. पहिला थेंब नेहमी सांडतो, आणि तो फोटोवर सांडतो.

(मार्करवरून आठवलं. चंद्रावरून निघायच्या वेळी अपोलो ११ च्या यानात इंजिनाशी संबंधित एका सर्किट ब्रेकरचं बटण तुटलेलं सापडलं. ऑल्ड्रिननं ते फेल्ट-टिप पेननं आत ढकललं. धातूचं काही घुसवायचं नव्हतं, आत वीज होती. तेव्हा मार्करला कमी लेखू नका.)

मग नाव. सही तुमच्या किंवा ज्याला द्यायची त्याच्या नावानं मागा. 'अमक्याला, शुभेच्छांसह'. नाव आलं की बाजारातली किंमत बहुतेक वेळा घसरते, आणि म्हणूनच समोरच्या माणसाचे खांदे सैल होतात. फक्त नाव तोंडी सांगू नका. आमच्या बाबांचं नाव 'ज्ञ' नं सुरू होतं. ते इंग्रजीत लिहायच्या तीन तऱ्हा तर आमच्याच आधार, पॅन आणि पासबुकात आहेत. परदेशी माणसानं ऐकून काय लिहावं? पिवळ्या चिकट चिठ्ठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून ती फोटोवर लावून न्या.

आणि प्रश्न. तुम्हाला तीस सेकंद मिळतात. 'वर गेल्यावर कसं वाटलं' आणि 'टॉयलेट कसं असतं' हे दोन प्रश्न त्यांनी हजार वेळा ऐकलेत. राकेश शर्मांना इंदिरा गांधींना दिलेल्या त्या उत्तराबद्दल अख्खा देश चाळीस वर्षं विचारतोय. त्यापेक्षा वजनरहित अवस्थेत योगासनं करून पाहण्याचा त्यांचा प्रयोग होता, त्याबद्दल विचारता येईल. किंवा नंतर ते आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये टेस्ट पायलट होते, तिथल्या विमानांबद्दल.

मला हे जमलं ते अमेरिकेत. कंपनीनं सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. एका विद्यापीठात स्पेस शटलवर गेलेल्या एका निवृत्त अंतराळवीराचं मोफत व्याख्यान होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की 'किती मिळतील रे' असे मेसेज येतात. आयोजकांना मेल केला होता, त्यांनी सह्या आहेत म्हणून कळवलं होतं. मी त्यांच्या शटलच्या उड्डाणाचा फोटो छापून घेतला, खाली धुराचा पांढरा लोट, सहीला भरपूर जागा. रांगेत माझ्यापुढे एक जण जाड फोल्डर घेऊन होता. त्याला एक सही मिळाली आणि गोड शब्दांत निरोप.

माझा नंबर आला. मी विचारलं ते कॉम्प्युटरबद्दल. शटलवर पाच कॉम्प्युटर असायचे. उड्डाणाच्या वेळी चार एकच सॉफ्टवेअर चालवायचे आणि एकमेकांना तपासायचे. पाचव्यावर वेगळ्या टीमनं स्वतंत्र लिहिलेलं बॅकअप सॉफ्टवेअर, कारण चौघांच्या कोडमध्ये एकच चूक असेल तर चौघंही एकदम चुकतील. त्याच्याकडे ताबा द्यायचं लाल बटण पायलटच्या हातातल्या कंट्रोलवरच होतं, आणि प्रत्यक्ष उड्डाणात ते कधीच दाबावं लागलं नाही. मी म्हटलं, "सर, जे बटण कधीच दाबायचं नाही, त्याच्यावर अंगठा ठेवून बसताना विश्वास कशावर ठेवायचा, पहिल्या टीमवर की दुसऱ्या?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी काय काम करतो ते विचारलं. मग म्हणाले, सिम्युलेटरमध्ये ते बटण इतक्या वेळा दाबलंय की स्वप्नातही दाबायचो, आणि विश्वास म्हणशील तर तो दोन्ही टीमवर नव्हता, सरावावर होता. तीस सेकंदांची दोन मिनिटं झाली, मागची बाई घसा खाकरायला लागली. ते चिठ्ठी बघून बाबांचं नाव लिहायला लागले आणि मी घाईत बॅग उचलताना टेबलाला धक्का दिला. नावाच्या मधोमध एक रेघ सटकली. मी सॉरी म्हटलं, ते हसले आणि खाली सही केली.

शाई वाळेपर्यंत फोटो उघडाच धरा, निदान एक-दोन मिनिटं. लगेच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवलात तर सही फोल्डरवर छापून येते. घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात करायचं नाही. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, पण त्या उष्णतेनं आणि चिकटपणानं शाई खराब होऊ शकते, आणि ते परत निघत नाही. ॲसिड नसलेला माउंट, पुढे काच, आणि उन्हापासून लांब. मार्करची शाई उन्हात वर्षागणिक विटत जाते.

परत आल्यावर मी बाबांना दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या: हा नवा फोटो, आणि तो जुना खोटा आहे. ते म्हणाले, "अरे, माहितेय मला. तू दिलास त्याच आठवड्यात भिंग लावून बघितला. ठिपके दिसतात टोकांना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आठ हजार घातले होतेस."

जुना फोटो अजून तिथेच आहे. नवा त्याच्या शेजारी लावलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा आधी ती सटकलेली रेघ दाखवतात.

गेल्या महिन्यात त्यांनी कपाटातून राकेश शर्मांच्या मोहिमेवर १९८४ साली निघालेल्या तिकिटाचं फर्स्ट डे कव्हर काढून ठेवलंय. नाशिकला किंवा पुण्याला कधी त्यांचा कार्यक्रम असला तर स्वतः जाणार म्हणतात. रोज एकदा विचारतात, मार्कर नेऊ की बॉलपेन.

कव्हर आहे, बाबा. बॉलपेन.